गाडीतली खरखर

कंपनीने गाडीत बसवून दिलेला स्टिरिओ माझा वरचा षड्ज खातो, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा आषाढ निम्मा सरला होता आणि गणपती दिसायला लागले होते. इतर कुणाचं काही खात असता तर मी लक्ष दिलं नसतं. बातम्या वाचणारी बाई त्यातून स्वच्छ ऐकू यायची. रस्ता सांगणारी बाई तर इतकी स्वच्छ, की ती चुकीच्या वळणावर नेत असली तरी तिच्यावर विश्वास बसायचा. फक्त मी गायला लागलो की आवाज मधेच फाटायचा, वर जाता जाता बारीक व्हायचा, आणि मागून एक खरखर सुरू व्हायची, ओल्या अंगणात कुणी खराटा मारत असावं तशी.

आमच्या नाचणे रोडवरच्या कॉलनीतल्या भजनी मंडळाचा मी बुवा आहे. बुवा म्हणजे जो पुढे पेटी घेऊन बसतो, अभंग धरतो आणि मागच्या मंडळींना सुरांतून ओढत पैलतीराला नेतो तो. गणपतीच्या दिवसांत या माणसाला जो मान असतो तो जिल्हाधिकाऱ्यांनाही नसतो, कारण जिल्हाधिकाऱ्यांना कुणी आधी पाणी, मग चहा आणि मग "घसा कसा आहे?" असं विचारत नाही. हा मान मी बरीच वर्षं सांभाळत आलो आहे. निवडणूक वगैरे कधी झाली नाही. पेटी माझी आहे.

यंदा मात्र कॉलनीच्या सचिव नम्रता पावसकर यांनी मंडळाच्या बैठकीत "बुवांची निवड" असा विषय घातला. याचं कारण गौरव मांडवकर नावाचा एक तरुण. तो जयगडला बंदरावर नोकरी करतो, आमच्याच कॉलनीत नव्याने राहायला आला आहे आणि मुंबईत असताना कुणाकडे तरी रीतसर गाणं शिकला आहे. शिकलेल्या गाण्यात आणि आतून आलेल्या गाण्यात फरक असतो, पण हा फरक ज्याचं आतून येतं त्यानेच उभं राहून सांगणं बरं दिसत नाही. तो लोकांच्या कानांनीच ऐकायला हवा.

त्यासाठी माझ्याकडे पुरावा होता. गेल्या गणपतीत मी माझा फोन चालू करून मागे ठेवला होता आणि संध्याकाळचं अख्खं भजन टिपून घेतलं होतं. फोन कुठे ठेवावा याचा मी नीट विचार केला होता. पुढे ठेवला तर फक्त पेटी येते, मृदंगाजवळ ठेवला तर फक्त मृदंग. म्हणून तो मंडपाच्या अगदी मागे, वाटाण्याच्या उसळीचं पातेलं झाकून ठेवतात त्या बाकावर, पातेल्याला टेकवून उभा केला. तिथे सगळं सारखं येईल असा माझा हिशोब होता, आणि कुणाला सांगितलं नाही, कारण रेकॉर्डिंग चालू आहे म्हटलं की आमची माणसं नैसर्गिक राहत नाहीत.

बैठकीच्या दिवशी सकाळी मंडळातल्या महत्त्वाच्या माणसांना गाडीत बसवून हे भजन ऐकवायचं, अशी माझी योजना होती. घरी का नाही, असं आमच्या सौ.ने, राजश्रीने, विचारलंच. घरी माणूस "गॅसवर दूध आहे" म्हणून उठून जातो. चालत्या गाडीतून उठून जाता येत नाही. हे माझं उत्तर ऐकून ती गॅसवरचं दूध बघायला उठून गेली.

पण आधी ती खरखर काढायला हवी होती. मी खालच्या मजल्यावरच्या आत्माराम शिवलकरांना बोलावलं. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णा दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले, मंडळात टाळ वाजवतात आणि आवाज या विषयावर त्यांच्याइतका अधिकार कॉलनीत कुणाचा नाही. त्यांना गाडीत बसवलं आणि भजन लावलं. अण्णांनी जेमतेम 'रूप पाहता लोचनी' या रूपाच्या अभंगाची सुरुवात ऐकली आणि घाईघाईने ते बटण स्वतःच बंद केलं.

"बुवा, हा तुमचा आवाज नाहीच," ते म्हणाले. "स्टिरिओ खराब आहे. असल्या स्टिरिओवर हे कुणाला ऐकवू नका. अजिबात ऐकवू नका."

इतकी तळमळ मी अण्णांच्या चेहऱ्यावर लोकांचे फोन महिनोन् महिने बंद असायचे त्या काळातही पाहिली नव्हती. मी राजश्रीलाही ऐकवलं. ती म्हणाली, "मला तर हुबेहूब वाटतं." बायकोला कान नाही, हे दुःख मी लग्नापासून गिळत आलो आहे. मी पुन्हा गिळलं आणि गाडी घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो.

तिथे टाय लावलेल्या एका मुलाने माझ्यासमोर टॅब धरला आणि तक्रारीचा प्रकार विचारला. मी म्हटलं, आवाज चांगला येत नाही. तो म्हणाला, कसला आवाज? इंजिनाचा, ब्रेकचा, चाकाचा की एसीचा? मी म्हटलं, माझा. त्याने टॅबवर बोट फिरवून पाहिलं, पण यादीत मी नव्हतो. यादीत नसलेली तक्रार घेता येत नाही आणि तक्रार घेतल्याशिवाय गाडी आत घेता येत नाही, असं त्याने अत्यंत आदराने सांगितलं. मी सरकारी नोकरीत आहे. त्यामुळे त्याचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं आणि तितकाच संताप आला. शेवटी आम्ही दोघांनी मिळून "ब्रेकचा आवाज" यावर तडजोड केली.

संध्याकाळी गाडी परत मिळाली. ब्रेक साफ केले होते, चाकं फिरवून लावली होती आणि बरोबरच्या कागदावर लिहिलं होतं, "तक्रार: आवाज. कार्यवाही: आवाज बंद केला." खरोखरच बंद केला होता. स्टिरिओचं बटण त्यांनी शून्यावर आणून ठेवलं होतं. शिवाय बाहेर कुठे एकही वायर कापली तर वॉरंटी संपली, असं मला तोंडी बजावण्यात आलं. ज्या वस्तूची दुरुस्ती ते करत नव्हते तिची वॉरंटी मात्र त्यांना प्राणापलीकडे प्रिय होती.

रत्नागिरीत सल्ला मागावा लागत नाही. गाडीचं दार उघडं ठेवून आत वाकून उभं राहिलं की तो चपला फटफटवत आपोआप चालत येतो. एकाने सांगितलं, आतली चिप बदला. दुसऱ्याने सांगितलं, गाडीच विका. तिसऱ्या मजल्यावरच्या विमलाताईंनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुचवल्या, ज्याचा स्टिरिओशी काय संबंध हे मी त्यांना विचारलं नाही. अण्णांनी मात्र शास्त्रीय मार्ग धरला. पडद्यावर खोल कुठेतरी खर्ज, मध्य आणि टीप कमीजास्त करण्याच्या पट्ट्या असतात, त्या त्यांनी शोधून काढल्या. माणसाचा आवाज समजायला खर्जही लागत नाही आणि टीपही लागत नाही, हे त्यांच्या खात्याने पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध केलं आहे, असं म्हणत त्यांनी दोन्ही टोकं तळाशी नेली. त्यानंतर मी खेडहून ट्रंककॉल लावून गातो आहे असं ऐकू येऊ लागलं. अण्णांना हे फारच आवडलं. आवाज अजून थोडा लांब नेता येईल का, ते बघत होते.

पुढचा सल्ला राजापूरहून आला. माझा मावसभाऊ काशीराम काजू घेऊन आला होता. त्याने गाडीचं दार बोटाने वाजवून पाहिलं, जसा फणस वाजवून पाहतात, आणि रोगाचं निदान केलं.

"दादा, दार पोकळ हाय. स्पीकर वाजला की पत्रा वाजतो. तुमी काय करा, आत काथ्या भरा. आमी बोटीच्या फटीत भरतो तो. आवाज भायेर जायाचा नाय आन् आतला घुमायचा नाय."

दारात काहीतरी भरून पत्र्याचा थरथराट थांबवतात, हे मी नंतर इंटरनेटवरही वाचलं. तिथे त्यासाठी एक काळी रबरी पट्टी सांगितली होती. पण नारळ आपल्या दारचा आणि काथ्या भावाच्या हातचा असताना रबर कशाला, असा विचार मी केला. हा विचार फक्त आमच्याकडचा माणूसच करू शकतो, आणि करून पस्तावू शकतो. रविवारी आम्ही दोघांनी चारही दारांचे आतले पत्रे उघडले आणि गादीत कापूस भरावा तसा काथ्या ठासून भरला. दार लावल्यावर असा काही दमदार आवाज आला की मला जर्मन गाडी घेतल्यासारखं वाटलं.

काच खाली जायला जागा लागते, हे सोमवारी मारुती मंदिरच्या चौकात कळलं. वाहतूक पोलिसाने काच खाली घ्यायची खूण केली. मी बटण दाबलं. दाराच्या आतून रेडा घोरल्यासारखा आवाज आला आणि काच जागची हलली नाही. पोलिसाला वाटलं मी मुद्दाम काच उघडत नाही. मी घाईने दारच उघडलं, ते त्याच्या गुडघ्यावर बसलं. त्यानंतर त्याने माझ्याकडे असे कागद मागितले जे मागायचे असतात हे त्यालाही त्याच क्षणी सुचलं असावं. काथ्याचा खुलासा मी केला. तो त्याने दोनदा ऐकला आणि माझं तोंड हुंगून पाहिलं. माझ्या आयुष्यात मला कुणी चारचौघांत हुंगण्याची ही पहिलीच वेळ होती.

त्यात पाऊस. काचेवरून ओघळलेलं पाणी दारातून खाली वाहून जायची सोय असते, ती काथ्याने अडवली. गाडीला आधी विहिरीचा, मग तळ्याचा आणि शेवटी ओल्या बोक्याचा वास येऊ लागला. मग मागच्या उजव्या दारातून चूं चूं असा बारीक आवाज येऊ लागला. मला वाटलं, टीप सुधारली. मी मोठ्या उमेदीने गाणं बंद केलं तरी आवाज चालूच. एका उंदरीने त्या काथ्यात बाळंतपण उरकलं होतं. राजश्री म्हणाली, "चला, वरच्या सुराला कुणीतरी साथ द्यायला आलं." एरवी मी हसलो असतो. पण बैठक जवळ येत होती, गौरव मांडवकर संध्याकाळी गच्चीवर रियाज करत होता आणि त्याच्या आवाजाला खरखर नव्हती. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. कचेरीत मला कुणी विचारत नाही, घरात माझ्या मताला किंमत बेताचीच. वर्षातून एक संध्याकाळ चारचौघं माझ्या मागून जातात, मी म्हणेन ते म्हणतात. तेवढंच माझं होतं आणि ते जाणार असं दिसत होतं.

म्हणून मी वॉरंटीवर पाणी सोडलं आणि साळवी स्टॉपच्या पुढे रितेशच्या दुकानात गेलो. रितेश हळदीच्या कार्यक्रमांना आणि मिरवणुकांना साऊंड पुरवतो, गाड्यांचंही करतो. त्याच्या दुकानात कुणी बोलत नाही, सगळे खुणा करतात, कारण बोललेलं ऐकू येण्याची परिस्थिती नसते. त्याने आधी दारांतून ओला काथ्या ओढून काढला. उंदरीला पिल्लांसकट एका खोक्यात हलवलं. दारांत ती काळी रबरी पट्टी चिकटवली. कंपनीचे स्पीकर हातात घेऊन त्याने मला दाखवले. ते पुठ्ठ्याचे होते, श्रावणी सोमवारच्या द्रोणापेक्षा किंचित जाड. मग त्याने ओरडून विचारलं, "कुठली गाणी ऐकता?" मी ओरडून सांगितलं, भजन. त्याच्या धंद्यात हा शब्द पहिल्यांदाच आला असावा. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "मग मृदंगाला बेस देऊ."

दिला. डिकीत त्याने एक नळकांडं बसवलं. ते वाजलं की धक्का कानाला न बसता पोटाला बसायचा. घरी येऊन मी भजन लावलं तेव्हा मृदंगाच्या पहिल्याच थापेला पार्किंगमधल्या तीन स्कूटर आपोआप किंचाळू लागल्या, आणि विमलाताईंच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरून पेला खाली आला. माझा आवाज त्या भूकंपात कुठे होता कोण जाणे. दुसऱ्या दिवशी नम्रता पावसकरांची लेखी नोटीस आली. "आपल्या वाहनातून निघणाऱ्या ध्वनीमुळे रहिवाशांच्या स्वास्थ्यास बाधा पोहोचत असल्याचे निदर्शनास आले आहे." मी त्याच भाषेत उत्तर दिलं, की सदर ध्वनी हा कॉलनीच्याच भजनाचा असून त्यात रहिवाशांचाच सहभाग आहे, सबब नोटीस मागे घ्यावी. यावर त्यांनी माझ्या उत्तराची पोच देऊन प्रकरण बैठकीपुढे ठेवण्याचं ठरवलं. म्हणजे आता बैठकीत माझे दोन विषय झाले.

मी पुन्हा रितेशकडे गेलो. या वेळी त्याने नळकांड्याचा जोर कमी केला आणि मला वेगळाच प्रश्न विचारला. हे भजन फोनमध्ये थेट टिपलेलं आहे की व्हॉट्सॅपवरून आलेलं? मी म्हटलं, फोन बदलताना मीच मला पाठवलं होतं. तो हसला. पाठवताना आवाज दाबला जातो, बारीकसारीक सगळं गळून जातं. जुन्या फोनमध्ये मूळ प्रत असेल ती आणा. जुना फोन कपाटात होता. मूळ प्रत निघाली. रितेशने ती पेनड्राइव्हवर घेतली, कसल्याशा पट्ट्या वर नेल्या, मागचा बारीक आवाज पुढे आणला आणि गाडीत लावली.

मृदंगाच्या चामड्यावरून फिरणारं बोट ऐकू येत होतं. टाळ असे, की हात लावावा. माझा खाकरण्याचा आवाज इतका खानदानी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी लगेच बटण बंद केलं. पुढचं मुद्दाम ऐकलं नाही. देवाला दाखवण्याआधी नैवेद्य चाखत नाहीत, आणि हा नैवेद्य मला मंडळासमोर उघडायचा होता.

रविवारी सकाळी मी सगळ्यांना भाट्याच्या पुलापर्यंत फेरी मारायला म्हणून गाडीत घेतलं. पुढे अण्णा. मागे नम्रता पावसकर, अण्णांच्या पत्नी मालनताई आणि राजश्री. पाऊस होता म्हणून काचा बंद. मागच्या दारांना लहान मुलांसाठीचा खटका लावलेला, म्हणजे ती आतून उघडत नाहीत. मी भजन लावलं.

अण्णांनी पहिल्याच सुराला डोळे मिटले, ते भक्तीने की कशाने सांगता येत नाही. मी गात होतो. आवाज अगदी स्वच्छ येत होता. खरखर गेली होती. म्हणजे खरखर होती, पण ती आता खरखर राहिली नव्हती. तिला नाक होतं, डोळे होते, नाव-गाव होतं.

"अजून किती अभंग आहेत?" असं गाडीतले अण्णा नव्हे, स्पीकरमधले अण्णा म्हणाले. ते टाळ खाली ठेवून उसळीच्या पातेल्याजवळ उभे होते, झाकणाचा आवाज आला.

"चार. आणि वर गजर," नम्रता पावसकर म्हणाल्या.

"मग मी घरी जाऊन जेवून येतो."

"जाऊ नका, अण्णा. तुम्ही गेलात तर सगळेच जातील. पेटी त्यांची आहे, काय करणार."

मग मी वर गेलो. माझा वरचा षड्ज. त्या आवाजाचं वर्णन मी करू इच्छित नाही, पण तो स्टिरिओने खाल्लेला नव्हता. तो मुळातच उपाशी होता. त्यावर मालनताईंचा आवाज अगदी माझ्या कानाशी आला, इतका जवळून की मी गाडी चालवता चालवता दचकलो. "मला बाई कुकरची आठवण येते. आता तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करावा म्हणते." त्यावर खुदखुद. चांगली आठ-दहा माणसांची. मागे कुणीतरी उसळ निवली म्हणून कुरकुरत होतं. गाडीत कुणी हलत नव्हतं. अण्णांचे डोळे मिटलेलेच होते. मी आरशात पाहिलं, तर नम्रता पावसकर आपल्या पर्सच्या साखळीकडे बघत होत्या. बटण माझ्या हाताशी होतं. मला ते बंद करता आलं नाही, आणि दुसऱ्या कुणाची हिंमत झाली नाही.

मग त्या खुदखुदीत राजश्रीचा आवाज आला. शांत, जरा चिडलेला.

"हसू नका हो. मी घरी वर्षभर एकटी ऐकते. तुम्हाला एक संध्याकाळ निघत नाही?"

भाट्याचा पूल आला. मी गाडी फिरवली. परतीच्या वाटेवर गजर झाला, टाळ्या झाल्या, पातेल्याचं झाकण उघडलं आणि माझं भजन संपलं. गाडी थांबल्यावर मी उतरून मागचं दार बाहेरून उघडलं. उतरता उतरता अण्णा म्हणाले, "साऊंड छान बसवलाय." एवढंच म्हणाले आणि जिना चढून गेले.

संध्याकाळच्या बैठकीत नम्रता पावसकरांनी माझं नाव सुचवलं, अण्णांनी अनुमोदन दिलं आणि मालनताईंनी सर्वांच्या आधी हात वर केला. एकमताने मी बुवा झालो. नोटीसही मागे घेतली गेली. गौरव मांडवकरलाच तेवढं काही कळेना. त्याने नम्रपणे माझं अभिनंदन केलं. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि मला फार वाईट वाटत होतं.

घरी आल्यावर मी राजश्रीला विचारलं, "इतकं वाईट आहे?"

ती दोरीवरचे कपडे काढत होती. तिने एक चादर ओढून तिची पूर्ण घडी केली. मग म्हणाली, "तुम्हाला फार आवडतं ना गायला. म्हणून मी कधी काही म्हटलं नाही." तिला वाटलं ती मला दिलासा देते आहे.

गणपती आले. मी पेटी घेऊन पुढे बसलो. मागे बघितलं तर सगळी मंडळी पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून बसलेली, परीक्षेला बसल्यासारखी. उसळीच्या पातेल्याजवळ चिटपाखरू नव्हतं. अण्णा मधूनमधून आजूबाजूला कुठे फोन उभा केलेला दिसतो का ते बघत होते. मी रूपाचा अभंग धरला. कुणी खोकलं नाही. कुणी कूस बदलली नाही. मंडपात इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती, आणि त्या शांततेत माझा आवाज कुठल्याही स्पीकरशिवाय, कुठल्याही आडोशाशिवाय मला ऐकू येत होता. वरच्या सुरावर तो फाटला तेव्हा मंडपातल्या सगळ्या माना भक्तिभावाने डोलल्या. तेवढं मात्र मला सोसवलं नाही.

मी अभंग तिथेच आवरता घेतला. पेटी गौरवच्या पुढे सरकवली. "पुढचा तू घे," म्हटलं, "माझा घसा जरा बसलाय." कुणी आग्रह केला नाही. मी उठून अगदी मागे गेलो आणि पेटी सरकताच टाळ ठेवून बाकाजवळ आलेल्या अण्णांच्या शेजारी उभा राहिलो. गौरवने सूर लावला. मुलगा चांगला गातो. खरंच चांगला गातो, वर गेला तरी आवाज काठोकाठ भरलेला. ओळीत बसलेली राजश्री मान वळवून माझ्याकडे एकदा बघून घेऊन पुन्हा पुढे बघायला लागली. अण्णा माझ्याकडे बघायचं टाळत होते, आणि गाडीतल्या त्या रविवारपासून ते माझ्याशी धड एक वाक्यही बोलले नव्हते. मी पातेल्याचं झाकण किंचित उचलून पाहिलं आणि त्यांच्या कानाशी झुकलो.

"अण्णा, जरा नाकात गातो, नाही?"

अण्णांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी रक्त आलं.

"सुरुवातीपासून," ते हळूच म्हणाले, आणि माझ्याकडे सरकून उभे राहिले.